पाठमोरीचे पाय

गजभियेची आठवण आली की मला आधी राग येतो. कुणाचा येतो हे ठरायला थोडा वेळ लागतो. सुरुवात गजभियेपासूनच होते, कारण तो समोर नाही, उलट बोलणार नाही. मग आमच्या मराठी मंडळाचा येतो, मग साठेकाकूंचा, आणि चहा संपता संपता लक्षात येतं की या रांगेत सगळ्यात मागे, हाताची घडी घालून, मीच उभा आहे. माझी बायको नीलिमा हे सगळं माझ्या चेहऱ्यावरून ओळखते. "गजभिये?" एवढंच विचारते आणि कप उचलून आत जाते.

दोन हजार एकच्या वसंतात तो आमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या ऑफिसात आला. मूळचा उमरेडच्या पलीकडच्या एका खेड्यातला, शिक्षण नागपूरला, वय पस्तिशीचं. मी तेव्हा सत्तेचाळीसचा होतो आणि दहा वर्षं एकाच खुर्चीत बसून स्वतःला अनुभवी समजत होतो. गजभिये टेस्टर होता. आम्ही प्रोग्रॅम लिहायचे आणि त्याने त्यातल्या चुका शोधायच्या, असं ते काम. बाकीचे टेस्टर 'बटण चालत नाही' एवढं लिहून मोकळे व्हायचे. हा माणूस लिहायचा, की एक म्हातारी बाई आहे, तिचा चष्मा सापडत नाही, तिने तेच बटण चुकून दोनदा दाबलं आहे, तर आता तिचं काय होणार? खाली सही, तारीख. ती म्हातारी कुठून आली असं आम्ही विचारलं की म्हणायचा, "कुठून तरी आलीच असंल ना जी." आणि वैताग असा, की तपासल्यावर म्हातारी दर वेळी बरोबर निघायची.

त्याची दुसरी वैताग आणणारी सवय म्हणजे "मग?" जेवणाच्या टेबलावर तुम्ही एखादा किस्सा रंगवून सांगावा, सगळे हसावेत, आणि हसणं ओसरल्यावर गजभियेने जवसाची चटणी पोळीला लावता लावता मान वर करून विचारावं, "मग?" आता मग काय? मग काही नाही. पण त्याने विचारलं की आपल्यालाच वाटायला लागायचं, की आपण किस्सा भलत्याच ठिकाणी तोडला, महत्त्वाचं पुढेच होतं. माझे तीन हुकमी किस्से त्याने असे कायमचे बाद केले. त्यातला एक मी लग्नानंतर वीस वर्षं सांगत होतो. नीलिमाने त्याबद्दल त्याला एकदा मुद्दाम पुरणपोळी पाठवली.

दर बुधवारी दुपारी तो गायब व्हायचा. मला वाटलं देवळात वगैरे जातो. पण गजभिये बौद्ध, घरात बुद्धाची एक तसबीर, तीही धूळ पुसण्यापुरती हलवायची; देवळाशी त्याचा काही संबंध नव्हता. एका बुधवारी माझी गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून त्याच्याबरोबर बाहेर पडलो, तेव्हा कळलं. एका लाँड्रीच्या शेजारी कॉमिक्सचं दुकान होतं आणि नवे अंक बुधवारी यायचे. आत सुपरहिरोंची ही गर्दी! कुणी उडतोय, कुणी भिंत फोडतोय, छात्या तर अशा, की दारातून आडवंच आत यावं लागेल. गजभिये एकेक अंक उचलायचा, शेवटचं पान आधी बघायचा आणि नापास झालेल्या पोराची वही ठेवावी तसा परत ठेवायचा.

"आवडत नाहीत तर येता कशाला?" मी विचारलं.

"आवडते ना. चित्रं पाहा न, हात कसा काढला आहे." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण हे सगळे टायमावर पोचतात, परांजपेजी. काऊन पोचतात?"

मी म्हटलं, म्हणूनच तर ते सुपरहिरो.

"माझ्या गावात टायमावर कोणीच पोचलं नाही. एस्टी नाही, डॉक्टर नाही, पोलीस तं नाहीच. मंग हिरोच काऊन पोचावा?"

हे तो तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हता. प्रोग्रॅममधली चूक दाखवावी तसं म्हणत होता. मी घड्याळ बघितलं. मला वेळेवर परत पोचायचं होतं.

त्या दिवशी परत येताना त्याने गाडीच्या मागच्या सीटवरून एक नाडी बांधलेली चपटी फाइल पुढे घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत जाड कागदावर शाईने काढलेली सोळा पानं होती. काळी-पांढरी, चौकटी-चौकटींची, अक्षर मराठी. वर नाव: 'पाठमोरी'.

गोष्ट अशी. एका गावात सकाळी विहिरीवर गर्दी जमली आहे. पाटलांची सून विहिरीत सापडली, पाय घसरला म्हणतात. विहिरीच्या काठावर ओल्या चिखलात पावलं उमटलेली आहेत. ती तिची नाहीत, कारण ती आत्ता, सगळ्यांच्या देखत उमटतायत. मध्येच एका चौकटीत एक बाई दिसते, पाठमोरी, केस मोकळे, आणि टाचा पुढे, बोटं मागे. गावाला काय ते कळतं. पाटील सगळ्यांच्या पुढे, मागे काठ्या घेतलेली माणसं, अशी ती पावलं जिकडे वळली आहेत तिकडे तिला पकडायला निघतात. शेत ओलांडतात, ओढा ओलांडतात, देवळाला वळसा घालतात. पावलं संपतात ती पाटलाच्या घराच्या मागच्या दाराशी. ती बाई त्या दारातून निघून विहिरीकडे गेलेली असते. पाय उलटे, म्हणून माग काढणारा जिथून ती निघाली तिथे पोचतो. शेवटच्या चौकटीत एक शब्द नाही. फक्त उंबरा, त्यावर चिखल, आणि काठी खाली ठेवलेला पाटील.

बस. ती कुणाला मारत नाही, उडत नाही, वाचवत तर नाहीच. ती येते तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. ती फक्त चालते. तिला पकडायला जो निघतो, तो जिथे पाप घडलं तिथे जाऊन उभा राहतो. हीच तिची शक्ती. अशा पाठमोरीच्या नऊ गोष्टी त्याच्याकडे होत्या आणि गेली अकरा वर्षं तो त्या काढत, फाडत आणि परत काढत होता.

मी म्हटलं, "तुमच्याकडे तर भूतबित कुणी मानत नाही ना? मग ही हडळ कशी?"

गाडी बरोबर मर्यादेच्या वेगात चालली होती. मागचा हॉर्न वाजवत होता. गजभियेने आरशात बघितलंही नाही. "हडळ नसतेच. आमच्या घरी भुताचं नाव काढलं तरी बाबा कान पिळायचे. पण हडळ म्हणून हाकललेली बाई असते. तिले मी पाह्यलं आहे. तिच्या हातचं जेवलो आहे."

ती बाई म्हणजे त्याची सोनाआत्या. तान्हं मूल गेलं, पाठोपाठ नवरा गेला, आणि सासरच्या गावाने ठरवलं की हिनेच खाल्ले. माहेरी परतली तर तिथेही बाया पोरांना तिच्या सावलीतून ओढून न्यायच्या. गजभियेची आई मजुरीला जायची, म्हणून याला वाढवला तो आत्याने. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते आणि ऑपरेशनला ती तयार नव्हती. वाचता तिला कधीच आलं नाही, पण चित्र दिसतं. तेही आणखी किती दिवस, कुणाला माहीत. तिची नजर आहे तोवर पाठमोरी एकदा छापलेली तिच्या हातात पडावी, एवढंच त्याला हवं होतं. हाताने काढलेलं दाखवलं तर ती म्हणणार, पोरगा खेळतो. छापून आलं की ते गावात फिरतं, लोक मान्य करतात.

मग एव्हाना छापलं का नाही? तर नागपूरच्या एकाला ते आवडलं, फक्त तिच्या हातात तलवार हवी होती. मुंबईच्या एका प्रकाशकाला फारच आवडलं. तो म्हणाला, हडळीच्या जागी देवी करा, उद्या छापतो. इथे अमेरिकेत एका स्पर्धेला पाठवलं, त्यांनी कळवलं की उत्तम आहे, फक्त शेवटी तिने त्या माणसाला शिक्षा करायला हवी. प्रत्येक वेळी 'फक्त', आणि प्रत्येक वेळी गजभियेने पानं परत आणली. कसला हा हट्ट! मला त्या गाडीतच राग आला होता. एवढी तलवार दिली असती हातात तर काय बिघडलं असतं? आत्याला काय, तिने ती तलवारीसकटही ओळखली असती.

पण गोष्ट मला चावली होती, हे खरं. मी फाइल घरी नेली. माझी मुलगी ईशा तेव्हा तेरा वर्षांची. मराठी तिला कळायचं, वाचताना मात्र जोडाक्षरापाशी ती गाडी पार्क करायची. तिने ती सोळा पानं जेवणाच्या टेबलावर पसरली आणि अक्षरांकडे न बघता नुसती चित्रं पाहत गेली. शेवटच्या पानावर थांबली. परत पहिल्या पानावर गेली. मग पावलांवर बोट ठेवून विहिरीपासून दारापर्यंत आली.

"बाबा, शी डझन्ट फाइट एनीबडी. शी जस्ट वॉक्स. अँड दे हॅव टू गो अँड सी."

तिच्या खोलीत भिंतभर सुपरहिरो होते. त्यांच्यातल्या एकापुढेही ती इतका वेळ गप्प बसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने गजभियेकाकांना फोन करून पुढची गोष्ट मागितली. तो म्हणाला, ही छापली की देतो.

आता मी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक होतो. हे पद मला मिळालं ते माझ्या शुद्धलेखनामुळे. मी लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून पत्रिका यजमानांना परत करणारा माणूस. मला बारशाला बोलवायचं असेल तर लोक फोन करतात, लिहून कळवत नाहीत. तर दोन हजार दोनच्या अंकात मी सोळा पानं राखून ठेवली आणि गजभियेला म्हटलं, द्या पाठमोरी.

त्याने दोन वस्तू दिल्या. एक फाइल, आणि एक पाकीट. पाकिटावर आत्याच्या गावचा पत्ता मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेला. पहिला अंक हिला, म्हणाला. आणि मग, अजिबात आवाज न चढवता, "जसं आहे तसं छापा परांजपेजी. नाहीतर छापू नका. मला वाईट नाही वाटणार."

मी म्हटलं, अहो, संपादक मी आहे.

मंडळाची बैठक साठेकाकूंच्या घरी झाली. साठेकाकू अध्यक्ष. पूर्वी शाळेत शिकवायच्या, आणि सगळ्या मंडळाला पुरतील एवढ्या चकल्या एकट्या तळायच्या. त्यांच्या मनात कुणाबद्दल वाईट नसायचं, ही त्यांच्याशी भांडण्यातली मोठी अडचण होती. त्यांनी पानं नीट पाहिली. चित्रकला सुरेख आहे म्हणाल्या. पण ऐन दिवाळीत लोकांच्या घरात हडळ पाठवायची का? पोरं घाबरतील, घरात कुणी बाळंतीण असेल. मग सर्वानुमते ठरलं की हडळ हा शब्द काढून टाकावा. मी सोळाच्या सोळा पानं शोधली. तो शब्द कुठे नव्हताच. गजभियेने तो अकरा वर्षांत एकदाही लिहिला नव्हता.

सगळे जरा खजील झाले. मग साठेकाकू म्हणाल्या, "मग पाय तेवढे सरळ करून घ्या की हो. बाकी गोष्ट छानच आहे."

इतिवृत्तात नोंद झाली: 'किरकोळ दुरुस्तीसह मंजूर'. ती नोंद माझ्या हातची आहे. 'किरकोळ' हा शब्द मीच सुचवला, आणि त्यातला रकार ऱ्हस्व की दीर्घ यावर दोन मिनिटं बोललोसुद्धा. रकाराला तिथे वेलांटीच नाही. ती ककाराला आहे. पण कुणी टोकलं नाही.

गजभियेला सांगायचं काम माझ्याकडे. सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी तो भेटला. मंजूर झालं, मी म्हटलं. त्याने विचारलं, "जसं आहे तसं?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं, याची मी नंतर बरीच कारणं गोळा केली. तो पानं परत नेईल. अंकात सोळा पानांचं भगदाड पडेल. आत्याचे डोळे थांबणार नाहीत. या माणसाला स्वतःचं भलं कळत नाही, तर कुणीतरी ते केलं पाहिजे. सगळी कारणं शुद्ध होती, व्याकरणाच्या दृष्टीने एकही चूक काढता आली नसती.

पुढच्या रविवारी सकाळी मी पानं स्कॅन करून कॉम्प्युटरवर पाय सरळ करायला बसलो. तेवीस चौकटींत पाय दिसत होते. पाऊल कापायचं, फिरवायचं, परत चिकटवायचं. दुपारपर्यंत मला त्यात गोडी वाटायला लागली, आणि आपण यातही बरे आहोत असं वाटलं. ईशा दारात येऊन उभी राहिली होती. किती वेळ, कोण जाणे.

"बाबा, द फीट आर द होल पॉइंट."

मी तिला म्हटलं, होमवर्क झाला का? दार मोठ्याने लागलं.

अंक छापून आल्या दिवशी आमच्यातले एक गृहस्थ नागपूरला निघाले होते. मी ताबडतोब पहिला अंक त्या पाकिटात घातला आणि त्यांच्याबरोबर पाठवला. गजभियेला सांगितलं नाही. म्हटलं सरप्राइज देऊ. इतका मी त्याच्या कल्याणासाठी झटत होतो.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात शनिवारी दुपारी होता. गजभिये कोट घालून आला होता; मी त्याला कोटात पहिल्यांदाच बघत होतो. फराळाच्या टेबलापाशी उभं राहून त्याने अंक उघडला. मी माइकच्या वायरी तपासायला लागलो. त्या तपासायचं काही कारण नव्हतं. त्याने सोळा पानं पाहिली, प्रत्येक पान तो ऑफिसात कॉम्प्युटरचा पडदा पाहायचा तसं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मग अंकात बोट घालून माझ्याकडे आला.

"परांजपेजी, पान बेचाळीस, दुसरी चौकट. इथे दोन्ही पाय डावे आहेत."

मी बघितलं. होते. सत्तेचाळिसाव्या पानावरही होते. आणि चिखलातल्या पावलांना मी हातच लावला नव्हता. ती अजून विहिरीकडून दाराकडेच चालली होती, आणि वर सरळ पायांची बाई दाराकडून विहिरीकडे. पाय एकीकडे, पावलं दुसरीकडे. गोष्टीचा कणाच मोडला होता, आणि मोडताना मी तो नीट चिकटवलाही नव्हता.

मी सांगायला लागलो. कमिटी, साठेकाकू, बाळंतिणी, मंजुरी, किरकोळ दुरुस्ती. तो ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "मग?"

मग काही नव्हतं.

मग त्याने आत्याच्या पाकिटाचं विचारलं. मी म्हटलं, दहा दिवसांपूर्वीच पाठवलं, एव्हाना पोचलं असेल. गजभिये शेजारच्या बाकावर बसला. ते बाक लहान मुलांच्या मापाचे. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. तेवढ्यात एकाने येऊन त्याला सांगितलं की चित्रं झकास, शेवट मात्र कळला नाही. पाठोपाठ साठेकाकू ताट घेऊन आल्या. "छान काढता हो तुम्ही. पाय तर किती सुबक." गजभिये बसल्या बसल्याच हात जोडून म्हणाला, थँक्यू काकू. चकली घेतली. खाल्लीसुद्धा.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी दोन-तीन दिवस त्या ओरडण्याची वाट पाहिली. ऑफिसात त्याच्या डेस्कवरून तीनदा मुद्दाम गेलो. शेवटी मीच म्हटलं, पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापू: पान एकेचाळीस ते छप्पन, पाय उलटे वाचावेत. हे बोलताना मला स्वतःला ते गंभीर वाटलं होतं. तो म्हणाला, शुद्धिपत्र कोण वाचते? आणि विचारलं, किती अंक उरले आहेत. माझ्या गॅरेजमध्ये खोक्यांत शंभराच्या वर पडले होते.

"शनिवारी येतो," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी आला तो स्वतःची खुर्ची घेऊनच. घडीची. पांढरा रंग, दोन बारीक ब्रश, शाईचं पेन. गॅरेजमध्ये थंडी अशी, की तोंडातून वाफ निघायची. त्याने पहिलं खोकं उघडलं, अंक काढला, पान उघडलं, आणि माझे पाय पांढऱ्या रंगाने पुसायला सुरुवात केली. रंग वाळला की त्यावर पेनाने त्याचे. टाच पुढे, बोटं मागे. तेवीस चौकटी झाल्या की तो अंक बाजूला, दुसरा. मी वेग बघून मनात हिशोब मांडला. मार्च उजाडला असता. मी मदत करतो म्हटलं. तो नाही म्हणाला. राग नव्हता त्यात, नुसतं नाही. नीलिमाने उपमा नेऊन दिला, हीटर लावून दिला, ईशा शेजारी पायरीवर बसून पान वाळेपर्यंत फुंकर घालायची, तिला तो काही म्हणायचा नाही. मला माझ्याच गॅरेजमध्ये काही काम नव्हतं. मी येऊन जाऊन दोनदा फावडी सरळ लावली.

असे पाच-सहा शनिवार गेले. ऑफिसात कपात चालू होती, त्याचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. जानेवारीत तो पार पश्चिम किनाऱ्यावर, सनीव्हेलला गेला, तिथे कुणा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्यांकडे काम मिळालं म्हणून. सुरुवातीला मेल यायच्या, दोन-दोन ओळींच्या, मग त्याही थांबल्या. पण तो मला दिसतो तो डिसेंबरातल्या त्या शेवटच्या शनिवारी.

त्या दिवशी तो उशिरा आला आणि खोकं न उघडताच खुर्चीत बसला. गावाहून त्याच्या चुलतभावाच्या बायकोचा फोन आला होता. आत्याला अंक मिळाला. ती तो उन्हात घेऊन बसली, डोळ्यांजवळ धरून एकेक पान बघितलं. सगळ्या आळीला दाखवला. मला वाटलं, झालं, आता येणार ते माझ्यावर येणार.

"ती म्हणाली, पोरानं पाय बराबर काढले."

मी हीटर त्याच्याकडे सरकवला.

"लहान होतो तेव्हा पोट्टे तिच्या मागे लागायचे. हडळ, हडळ म्हणायचे. तं ती थांबायची आणि लुगडं घोट्यावर धरून पाय दाखवायची. पाहा म्हणे, सरळ हायेत. रोज दाखवायची. आता तिच्याजवळ छापलेलं आहे." त्याने हातमोजे काढले, परत घातले, परत काढले. "अकरा वर्षं मी तिच्यासाठी उलटे काढून राहिलो."

मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आधी काय आलं असेल तर सुटकेचा श्वास. म्हणजे तसं पाहिलं तर बरंच झालं की! आत्या खूश, साठेकाकू खूश. मी तसं काहीतरी म्हणालोही. निदान आता हे पुसणं तरी थांबवा, म्हटलं, जिच्यासाठी काढलं तिला जसं हवं होतं तसंच मिळालं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांतल्या सगळ्या 'फक्त'वाल्यांकडे त्याने असंच पाहिलं असेल.

"तिचे पाय सरळच आहेत परांजपेजी. ते तिले मिळाले, चांगलं झालं. पण हिचे पाय हिचे आहेत."

आणि त्याने खोकं ओढलं. अंक काढला, बेचाळिसावं पान उघडलं. अंक नवा होता, पान उलटून मिटत होतं. ईशा त्या दिवशी मैत्रिणीकडे गेली होती. त्याने दोनदा कोपराने दाबून पाहिलं, जमेना. मी पेन उचलायला हात पुढे केला.

"पेनाले हात नका लावू," तो म्हणाला. "पान दाबून धरा फक्त."

मी फरशीवर उकिडवा बसलो आणि दोन्ही हातांनी पान दाबून धरलं. त्याने पांढऱ्या रंगाचं झाकण उघडलं.